बाकड्यावरचा कैलास : कुडाळच्या प्रेक्षकरुचीचा इतिहास

लोकप्रिय चित्रपटात प्रेक्षकाला काय भावते आणि काय खटकते, याचे उत्तर बहुधा तिकीटबारीच्या आकड्यांत शोधले जाते. परंतु आकडा प्रेक्षक आला की नाही एवढेच सांगतो, तो कोणत्या नजरेने पाहत होता आणि ती नजर त्याला कोठून मिळाली, हे सांगत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ परिसराचा विचार केला, तर ही नजर सिनेमाच्या कितीतरी आधी घडलेली होती असे दिसते. कर्ली नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख 1948 पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता, पुढे तो रत्नागिरी जिल्ह्यात आला, आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्याचे मुख्यालय याच तालुक्यातील ओरोस येथे उभे राहिले. राज्यकर्ते बदलले, जिल्हे बदलले, तरी रात्र जागवून खेळ पाहण्याची इथल्या गावांची सवय सुटली नाही. आणि चित्रपटाची पारख करताना इथला प्रेक्षक जे निकष लावतो, ते या सवयीतूनच आलेले आहेत.

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळी गावातील ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आणि सावंतवाडीच्या राजघराण्याने त्यांना आश्रय दिला. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगणे. एका कथेच्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात, आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असल्यामुळे सांगणाऱ्याने पान फिरवले की पुढचा प्रसंग समोर येतो. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवून पडद्यावर सावल्या नाचवल्या जातात. अंधारात बसून उजेडाच्या चौकटीकडे पाहणे, चित्र बदलले की कथा पुढे सरकली असे समजणे आणि सावलीला माणूस मानणे, या तिन्ही गोष्टी त्यामुळे या भागाला सिनेमाने शिकवाव्या लागल्या नाहीत. तरीही चित्रकथीला सरळ सिनेमाची पूर्वज ठरवणे घाईचे होईल. चित्रकथीत चित्र स्थिर असते आणि हलतो तो आवाज; श्रोत्यांचा कल पाहून कथेकरी एखाद्या पानावर रेंगाळतो, एखादे झटकन उलटतो. म्हणजे डोळ्यापुढे चित्र असले तरी परीक्षा घेतो तो कान. पुढे चित्रपटातील बोलीबद्दल इथला प्रेक्षक इतका हळवा का झाला, याचे एक मूळ इथे आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर करून या कलांचे संग्रहालय उभारले, आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या प्रेक्षकाची खरी शाळा मात्र दशावतार ही होय. कार्तिक महिन्यात भात घरात आले की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक होते. पहाटे दहीहंडी फोडून त्याची सांगता होते, म्हणून मालवणी बोलीत या प्रकाराला ‘धयकालो’ असेही नाव आहे. श्यामजी नाईक काळे यांनी 1728 मध्ये ही कला दक्षिणेकडून कोकणात आणली असे परंपरा सांगते. अभ्यासकांत यावर एकमत नाही, आणि ही कला त्याहून जुनी असावी असे मानणाराही पक्ष आहे. प्रयोगाचे दोन भाग असतात. पहिल्या भागाला ‘आडदशावतार’ म्हणतात. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, भटजी अशी सोंगे येतात आणि वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर अस्सल मालवणीत थट्टा करून लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. दुसरा भाग ‘आख्यान’, म्हणजे पुराणातील एखादी पूर्ण कथा. नाव दशावतार असले तरी दहाही अवतार रंगमंचावर येत नाहीत, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला नेहमी चकित करते.

आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे ते ठरते, भूमिका वाटल्या जातात, प्रसंगांचा क्रम बोलून घेतला जातो आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. प्रेक्षकाला कथा तोंडपाठ असते. पुढे काय होणार ही उत्सुकता त्याच्या मनात नसतेच. त्याला पाहायचे असते ते हे की, ठाऊक असलेल्या प्रसंगात आजचा नट काय बोलतो, समोरच्याने टाकलेल्या शब्दाला कसा तोलून उत्तर देतो, पायपेटी आणि पखवाज यांच्यावर युद्धाची पावले कशी टाकतो. म्हणून इथे नाटकाविषयीचे निवाडे दोनच क्रियापदांत होतात : नाटक ‘रंगले’ किंवा नाटक ‘पडले’. कथा चांगली की वाईट असा प्रश्न फारसा येत नाही, कारण वाईट कथा हजार रात्री टिकलीच नसती. चित्रपटाच्या बाबतीतही हा निकष चालत आला. कथानक जुने आहे, शेवट आधीच कळतो, असे जे आक्षेप शहरी समीक्षक लोकप्रिय चित्रपटांवर घेतात, ते या प्रेक्षकाच्या दृष्टीने दोषच नाहीत. दोष तेव्हा असतो जेव्हा दोन पात्रे समोरासमोर येतात आणि त्यांच्या बोलण्यात ठिणगी पडत नाही.

दशावताराचा रंगमंच या प्रेक्षकाच्या दुसऱ्या, आणि अधिक महत्त्वाच्या, निकषाचा उगम आहे. मोकळ्या जागेच्या मध्यभागी एक लाकडी बाकडे असते, मागे एखादा साधा पडदा असतो, आणि एवढ्यावर रात्र निघते. त्याच बाकड्यावर शंकर बसला की तो कैलास, राजा बसला की राजसभा, विरहिणी टेकली की वनातली शिळा. रंगवलेले महाल नाहीत, झाडे नाहीत, देखावा बदलण्यासाठी थांबणे नाही. पूर्वी मशालीच्या, मग गॅसबत्तीच्या आणि आता विजेच्या उजेडात स्थळ उभे राहते ते केवळ नटाच्या शब्दाने. ‘आता आपण घोर अरण्यात आलो’ असे नट म्हणाला की अरण्य झाले. स्थळ शब्दात असल्यामुळे ते कधी चुकत नाही. चित्रपट मात्र स्थळ डोळ्यापुढे मांडतो. खरे घर, खरे झाड, खरा पाऊस दाखवतो, आणि दाखवलेली वस्तू तपासता येते. बाकड्याला कैलास मानणारा तोच माणूस पडद्यावर आपल्या गावचे घर दिसले की पंचासारखा कडक होतो. यात विसंगती मुळीच नाही. कल्पनेला आवाहन केले तर तो कल्पनेने पाहतो. वास्तवाचा दावा केला तर तो वास्तवाचा हिशेब मागतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला, तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. आज हा प्रकार विलक्षण वाटतो, पण दशावतार पाहणाऱ्यांना त्यात अडखळण्यासारखे काही नव्हते, कारण दशावतारात स्त्रीभूमिका पुरुषच करतात आणि ती प्रथा अजून चालू आहे. स्त्रीभूमिकेला इथे ‘स्त्रीपार्ट’ म्हणतात, आणि ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या कलावंतांनी त्यात स्वतःचे नाव मिळवले. पौराणिक विषय, देवाचा प्रवेश, असुराचा वध, गाण्यातून व्यक्त होणारी भावना हे आरंभीच्या भारतीय चित्रपटाचे सारे भांडवल कुडाळच्या जत्रेत आधीपासून होते. फिरता सिनेमा, म्हणजे तंबू ठोकून गावोगाव खेळ दाखवणारे टुरिंग टॉकीज, महाराष्ट्रात जत्रांच्या मागोमाग हिंडत असे. कोकणात मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पावसापुढे तंबूचा निभाव लागणे अशक्य होते, त्यामुळे सिनेमाला जो हंगाम उरला तो दशावताराचाच हंगाम होता. 1987 मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा देशभर जे भारलेपण दिसले, त्याचीच छोटी आवृत्ती या खेड्यांनी दर हिवाळ्यात अनुभवलेली होती.

कुडाळच्या मातीतून चित्रपटाला मिळालेले सर्वांत मोठे देणे साहित्याच्या वाटेने आले. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, यांचा जन्म 8 मार्च 1930 रोजी वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे झाला, आणि मुंबईला जाण्यापूर्वी त्यांनी कुडाळ येथे खानावळ चालवली. गिऱ्हाइकांचे ताट वाढता वाढता ज्याने या भागातली भीती, श्रद्धा आणि वासना यांचे इतके खोल दर्शन घेतले, असा लेखक मराठीत दुसरा नाही. त्यांच्या ‘चानी’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी 1977 मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला. ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी 1978 मध्ये हिंदीत आणि ‘अनुग्रहम्’ या नावाने तेलुगूत चित्रपट केला. कोंडुरा हे वेंगुर्ले किनाऱ्यावरचे प्रत्यक्ष ठिकाण आहे, परंतु बेनेगलांनी कथा आंध्रच्या भूमीत नेली. हा निर्णय प्रामाणिक होता असेच म्हटले पाहिजे : भाषा बदलली, म्हणून भूमीही बदलली, आणि कोकणाचे नाव लावून दुसरेच काही दाखवण्याचा दोष टळला. पण खानोलकरांच्या गद्यात जमीन, पाणी आणि बोली यांची जी गाठ आहे, ती पडद्यावर तशीच बांधली गेली असे कोणत्याही एका चित्रपटाविषयी म्हणता येणार नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

बोलीचा प्रश्न 16 फेब्रुवारी 1980 नंतर ठळक झाला. त्या दिवशी गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक रंगमंचावर आले. पौराणिक नाटक बसवताना गावात उडणारा गोंधळ हा त्याचा विषय, आणि नट मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजवले; पुढे त्याचे 5000 हून अधिक प्रयोग झाले. मालवणी ही केवळ घरात बोलायची गोष्ट आहे हा संकोच या नाटकाने घालवला. मुंबईच्या गिरणगावात राहणाऱ्या चाकरमान्याला, म्हणजे नोकरीसाठी गाव सोडलेल्या कोकणी माणसाला, आपली बोली प्रतिष्ठेच्या रंगमंचावर ऐकू आली. मात्र या यशाची दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या निर्मात्यांनी मालवणी म्हणजे विनोद असे सोपे समीकरण बांधले, आणि चित्रपटांत व मालिकांत गडी, स्वयंपाकी, गावचा बेरकी म्हातारा एवढ्यांच्याच तोंडी ती घातली गेली. वस्तुतः याच बोलीत कुडाळची माणसे रडतात, भांडतात, सोयरीक जमवतात. आणि याच बोलीत देवासमोर गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवाला केलेले लयबद्ध निवेदन; त्याच्या प्रत्येक टप्प्यावर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ असा होकार देतात. ते ऐकताना कोणी हसत नाही.

चूक कशी ओळखली जाते हे एका शब्दावरून पाहता येईल. प्रमाण मराठीतील ‘तो आला’ याला मालवणीत ‘तो इलो’ म्हणतात. पण ‘मी आलो’ याला ‘मी इलंय’ असे रूप आहे. बोली न येणारा नट ‘इलो’ हा एकच शब्द पाठ करतो आणि स्वतःविषयीही ‘मी इलो’ म्हणतो. त्याचप्रमाणे ‘त्याने सांगितले’ यासाठी क्रियापदाच्या शेवटी ‘-न’ लागून ‘सांगल्यान’ असे रूप होते. ते न वापरता प्रमाण मराठीच्या वाक्यात ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ एवढे पेरले की मालवणी झाली, असा समज पडद्यावर वारंवार दिसतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला यात काही चुकले असे वाटत नाही. कुडाळच्या प्रेक्षकाला मात्र त्या क्षणी पात्र मरून नट उरल्यासारखे होते.

स्थळाबाबतही असेच घडते. लोकप्रिय चित्रपटातील कोकण म्हणजे समुद्र, होड्या आणि नारळ. कुडाळ शहर मात्र समुद्रावर नाही, आणि या भागाचे खरे रूप जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छपरे, भाताचे कोपरे, काजूच्या बागा आणि नदीकाठच्या पोफळी यांत आहे. घरापुढचे अंगण, ज्याला इथे ‘खळे’ म्हणतात, ते पाऊस संपल्यावर चोपून, शेणाने सारवून नव्याने तयार केले जाते. भर पावसात ते चिखलाने आणि गवताने भरलेले असते, आणि सरी आत येऊ नयेत म्हणून पडवीच्या कडेला झापांचा, म्हणजे विणलेल्या माडाच्या पानांचा, आडोसा बांधलेला असतो. उन्हाळ्यात चित्रण करून नळीने पाऊस पाडला की गुळगुळीत सारवलेल्या खळ्यावर आषाढाच्या धारा कोसळताना दिसतात, आणि शेतकऱ्याला ते दृश्य कार्तिकात आंबा पिकल्याइतके खोटे वाटते. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब आहे. परंतु घराची दुरुस्ती वर्षाच्या कोणत्या आठवड्यात होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अशा चुकीतून निर्मात्याने गावात किती दिवस काढले याचा अंदाज येतो.

भुताखेतांचा विषय याहून नाजूक आहे. जुना वाडा, कोसळता पाऊस आणि शापित घराणे हा ठसा गेल्या काही वर्षांत फार पक्का झाला. 2018 चा ‘तुंबाड’ आणि 2024 चा ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटांनी तो देशभर पोहोचवला. त्याआधी, 22 फेब्रुवारी 2016 रोजी ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर सुरू झाली. तिचे चित्रण कुडाळ-सावंतवाडी रस्त्यावरील आकेरी येथील वाड्यात झाले होते. मालिका सुरू होताच कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप जिल्ह्यातून आले आणि ती बंद करण्याची मागणीही झाली. तरीही लोक ती रोज पाहत होते, आणि पुढे वाडा पाहायला लांबून माणसे येऊ लागली. या दुहेरी प्रतिसादाला ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. भीतीच्या गोष्टी सांगणे आणि ऐकणे हा इथला जुना आनंद आहे. राग होता तो भेद पुसला जाण्याचा. देवचार हा या भागात भूत मानला जात नाही, तो गावाच्या सीमेचा राखणदार असतो, त्याला नारळ ठेवला जातो, वाट चुकलेल्याला तो घरी पोहोचवतो अशी श्रद्धा असते. मुंजा, समंध, देवचार, गावऱ्हाटीतला, म्हणजे गावाच्या परंपरागत देवस्थान-व्यवस्थेतला, देव या सर्वांना एकाच भयाच्या रंगात बुडवले, की श्रद्धा असलेला दुखावतो आणि श्रद्धा नसलेल्या जाणत्यालाही ते अज्ञान वाटते.

या पार्श्वभूमीवर 12 सप्टेंबर 2025 रोजी प्रदर्शित झालेला सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ हा चित्रपट समजून घेतला पाहिजे. वयाची 80 ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकर यांनी त्यात बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताची भूमिका केली. 2022 च्या ‘कांतारा’ या कन्नड चित्रपटाशी त्याची तुलना लगेच झाली, कारण तिथेही जमीन, जंगल आणि दैवताचा खेळ करणारा कलावंत हीच सामग्री होती. पण ‘दशावतार’मध्ये गावावर येणारा खाणीचा धोका सिंधुदुर्गातील प्रेक्षकासाठी दुसऱ्या राज्यातून आणावा लागत नाही. रेडी आणि कळणे येथील लोहखनिजाच्या खाणी त्याने पाहिलेल्या आहेत. चित्रपटाचा उत्तरार्ध सूडाचा आहे, म्हणून तो भडक झाला असे काहींना वाटले. दशावताराच्या तर्काने पाहिले तर असुराचा वध पहाटेपूर्वी व्हावाच लागतो, त्याशिवाय हंडी फुटत नाही. त्या दृष्टीने हा शेवट चित्रपटाला त्याच्या विषयाकडूनच मिळालेला आहे. अधिक मोलाची गोष्ट ही की, मालवणी बोलणारा, देव होणारा आणि पोटासाठी दिवसा राबणारा कलावंत इथे कोणाच्या हसण्याचा विषय न होता कथेचा नायक झाला.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. चित्रपटाने दशावतारालाही बदलले आहे. चित्रपटगीतांच्या चाली आख्यानात केव्हाच शिरल्या. आता ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ अशी जाहिरात होते, ज्यात धूर, रंगीत प्रकाश आणि यांत्रिक करामतींनी चमत्कार दाखवले जातात, आणि वेगवेगळ्या मंडळांतील नावाजलेले नट एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ होतात, ज्यांना होणारी गर्दी चित्रपटाच्या नायकासाठी लोटणाऱ्या गर्दीसारखीच असते. नेरूरच्या कलिंगण घराण्यातील सुधीर कलिंगण यांना ‘लोकराजा’ ही पदवी लोकांनी दिली ती मात्र करामतींमुळे मिळालेली नव्हती. ती राजपार्टाच्या, म्हणजे राजाच्या भूमिकेच्या, वाणीसाठी होती. ट्रिकसीनने बाकड्याची जागा घेतली तर प्रेक्षक दशावतारालाही चित्रपटासारखाच तपासू लागेल, आणि त्या परीक्षेत गावच्या मंडळाला मोठ्या पडद्याशी बरोबरी करता येणार नाही, ही भीती रास्त आहे.

या सगळ्याचा लेखी पुरावा फार थोडा उरला आहे. नाटककार आणि नट यांची चरित्रे लिहिली गेली, पण पाहणाऱ्यांचा इतिहास जत्रेच्या हस्तपत्रकांत, मंडळांच्या वह्यांत, जुन्या तिकिटांत आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणींत विखुरलेला आहे, आणि दर पावसाळ्यात वाळवी त्यातला काही भाग खाते. कुडाळ, पिंगुळी, नेरूर, वालावल या गावांत ज्यांच्या माळ्यावर असा कागद असेल त्यांनी तो रद्दीत घालू नये. त्यावर गाव आणि साल लिहून तो तालुक्याच्या वाचनालयात द्यावा.